सात चाळीसची प्रार्थना

त्रिशरण झालं, पंचशील झालं, आणि शेवटच्या ओळीशी येऊन ज्योत्स्नानं जोडलेल्या हातांनीच, अगदी स्वच्छ आवाजात म्हटलं, "आमेन."

साधू, साधू, साधू म्हणायला उघडलेली तीसेक तोंडं उघडीच राहिली.

एवढ्यावर कदाचित निभावलं असतं. ठसका लागला, जीभ वळली, काहीही सांगता आलं असतं. पण पुढच्या सतरंजीवर बसलेल्या आचलनं, ज्योत्स्नाच्या चौथीतल्या लेकीनं, शाळेत रोज म्हणते तसं खणखणीत "आमेन" म्हटलं आणि सवयीनं उठून दाराकडे वळली, कारण शाळेत यानंतर रांगेनं वर्गात जायचं असतं. दोन पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अकोल्याला आजोबांच्या घरी आहोत, समोर बुद्धाची मूर्ती आहे, पांढऱ्या कपड्यांतली माणसं आहेत आणि सगळी आपल्याकडेच पाहत आहेत. ती पुन्हा बसली.

"साधू, साधू, साधू," ज्योत्स्नाचे सासरे देवमन म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज ऐंशीव्या वर्षीही शाबूत होता. मग बाकीच्यांनी म्हटलं, आणि ते एरवीपेक्षा जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं गेलं.

वर्षावासाच्या वाचनाची ती समाप्ती होती. पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते, पण अमरावतीच्या मंडळींना येता यावं म्हणून रविवार धरला होता. आषाढापासून तीन महिने देवमन रोज संध्याकाळी ओसरीवर बसून ग्रंथ वाचत आणि गल्लीतली माणसं ऐकायला येत. तेवीस वर्षांत त्यांचा नेम मोडला नव्हता. यंदा मात्र अक्षरं पुसट दिसू लागली, एक ओळ दोनदा वाचली जाऊ लागली, आणि त्यांनी बायकोला, केशरबाईला, सांगून टाकलं होतं की पुढच्या सालापासून सुट्टीत येऊन जितकं जमेल तितकं ज्योत्स्ना वाचेल, बाकीचं धाकटा भाऊ शालिकराम. म्हणूनच आज वंदना तिच्याकडे दिली होती. माणसांना तिच्या आवाजाची ओळख व्हावी म्हणून.

ओळख झाली, ज्योत्स्नाच्या मनात आलं, आणि अशा वेळी येऊ नये ते हसू तिच्या ओठाशी आलं. तिनं ते गिळलं.

खीर वाटली गेली. माणसं खीर खाताना एरवी बोलतात, आज चमचेच वाजत होते. जाताना बायका ज्योत्स्नाला "येतो वो मॅडम" म्हणाल्या; सकाळी येताना त्याच बायका तिला "सूनबाई" म्हणत होत्या.

स्वयंपाकघरात केशरबाई रिकामं पातेलं खरवडत बसल्या होत्या.

"कोन्त्या देवाचं नाव घेतलं वो तू?"

"देवाचं नाव नाही ते, आई. तसं होवो, एवढाच अर्थ आहे."

"मग तसं होवो म्हनाचं होतं. कोनी काही म्हटलं असतं काय?"

"तोंडातून निघालं. अकरा वर्षं रोज म्हणते."

"अकरा वर्सं." केशरबाईंनी पळी ठेवली. "माह्या घरची सून अकरा वर्सं काय म्हनते ते मले आज समजून राहिलं. आता त्या शालिक भाऊजीचं तोंड पाय तू. पंगतीले बसून खीर नाई खाल्ली त्यानं. वाटी तशीच."

ती वाटी ज्योत्स्नानं पाहिली होती. तिनं ती उचलून झाकून ठेवली आणि पदराला हात पुसत मधल्या खोलीत गेली. बोलणं होणारच होतं, तर ते आपल्या पाठीमागे का व्हावं.

शालिकराम दिवाणावर ताठ बसला होता. वयानं त्र्याहत्तर, विहार समितीचा अध्यक्ष, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. छप्पन साली बाप मोठ्या देवमनला बोटाला धरून नागपूरला दीक्षेला घेऊन गेला, तेव्हा चार वर्षांचा शालिक गोवर निघाला म्हणून आजीजवळ घरी राहिला होता. ते त्याच्या मनातून कधी गेलं नाही. देवमनला बावीस प्रतिज्ञा पुस्तकात पाहून आठवत. शालिकरामला त्या उलट्या क्रमानंही पाठ होत्या.

"धर्मेंद्र," तो पुतण्याला म्हणत होता, "मले सरळ सांग. त्या सिस्टरांनी हिले बाटवलं काय?"

"काही तरी काय, काका," धर्मेंद्र म्हणाला. ज्योत्स्नाचा नवरा अमरावतीला जिल्हा परिषदेत होता आणि कार्यालयात साहेबांशी बिनदिक्कत वाद घालायचा. काकासमोर मात्र तो अजून गुडघे मिटून बसे.

"काही तरी? तीस मानसांत पोरगी उठून चालाले लागली. उद्या विहारात हाच विषय. अध्यक्षाच्या घरचं पानी बदललं म्हनतीन."

"काका, उलट आम्ही आज एक चांगली बातमी घेऊन आलो होतो." धर्मेंद्रनं बायकोकडे पाहिलं. जेवण झाल्यावर पेढ्यांसकट सांगायची बातमी ती. पेढे अजून पिशवीत होते. "ज्योत्स्नाला प्राथमिक विभागाची प्रमुख करून राहिले. आतापर्यंत त्या जागेवर सिस्टरच असायची. बाहेरची बाई पहिल्यांदा."

देवमनचा चेहरा उजळला. "असं काय? कधी?"

"उद्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे, बाबा," ज्योत्स्ना म्हणाली. आता सांगायचं तर पूर्ण सांगावं, म्हणून ती पुढं म्हणाली, "प्रमुखाचं पहिलं काम सकाळी सात चाळीसला असतं. माईकवर उभं राहून शाळेची प्रार्थना घ्यायची. आजवर मी वर्गात घेत होते, आता चारशे बारा मुलांसमोर."

शालिकराम हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता. "घ्या. आतापर्यंत दाराआड होतं, आता भोंग्यावर."

"कपाळाला-छातीला हात लावून क्रूस करायचा की नाही ते माझ्यावर सोडलं आहे. अकरा वर्षांत मी केला नाही, कुणी विचारलं नाही."

"लय उपकार."

ज्योत्स्नाला सिस्टर बेनेडिक्टांचं ऑफिस आठवलं. मुख्याध्यापिका सिस्टर केरळकडच्या, मराठी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "हात कसे ठेवायचे ते तुझं तू बघ. आपल्या शाळेत कुणी हात जोडतो, कुणी ओंजळ उघडी धरतो, मी काही बोलत नाही. पण प्रार्थना मनापासून घ्यायची. नुसतीच म्हणायची असेल तर आपल्याकडे टेप आहे." तेवीस कॅथलिक मुलं आणि बाकी सगळी गावची, हिंदू, मुसलमान, बौद्ध, अशा शाळेत एवढी एकच अट, आणि तीच अवघड. हे वाक्य ज्योत्स्नानं घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, धर्मेंद्रलाही नाही.

देवमननी खाकरून घसा मोकळा केला. अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर बत्तीस वर्षं कंट्रोलर असलेला माणूस बोलण्याआधी असाच खाकरायचा, जसा काही समोर माईक आहे.

"शालिक, इकडं पाय. मी बत्तीस वर्सं गाड्या पुकारल्या. बार्शीटाकळी, मूर्तिजापूर, परतवाडा, सेमाडोह. ज्या आवाजानं पंढरपूरची गाडी पुकारली त्याच आवाजानं उरुसाची पुकारली. कितीक लोक देवाले गेले माह्या आवाजावर. मी कोन्त्या गाडीत बसलो काय? ते माहं काम होतं. हिचंही काम आहे. पोरं ज्या गाडीनं जातात ती गाडी पुकाराची, बस."

धर्मेंद्रचे आखडलेले खांदे सैल झाले. केशरबाई दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनीही मान हलवली. इतकी सोपी, इतकी चांगली वाट. ज्योत्स्नानं फक्त "हो, बाबा" म्हणायचं होतं आणि पेढे पिशवीतून बाहेर निघाले असते.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

"काय नाई?"

"मी गाडीत बसते."

देवमननी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला.

"पहिली दोन वर्षं मी तसंच म्हणायची. पगार आहे, काम आहे, ओठ हलवायचे. मग राहिलं नाही तसं. आता मी प्रार्थना घेते तेव्हा खरंच घेते. आज वंदना घेतली तीही खरंच घेतली, म्हणूनच चुकलं. नुसते ओठ असते तर बरोबर बोलले असते."

"आयकलं?" शालिकराम दिवाणावरून उठला. "आता तुमीच आयका, दादा. मी म्हनत नव्हतो, ते स्वताच्या तोंडानं म्हनून राहिली."

"बाबांनी सोडवलं होतं तुला," धर्मेंद्र हलकेच म्हणाला.

"हो. पण तसं सुटून मी उद्या माईकसमोर काय म्हणून उभी राहू?"

तिच्या आवाजाला धार नव्हती. तिला स्वतःलाच नवल वाटलं, की आपण इतक्या शांत आहोत. वर्गात एखादं मूल खोटं बोलतंय हे कळल्यावर ती अशीच शांत व्हायची आणि मूल खरं सांगून टाकायचं. आज ती युक्ती तिनं स्वतःवरच वापरल्यासारखी झाली.

शालिकराम बोटांवर मोजत बोलू लागला. कोणत्या देवाला मानणार नाही, कुणाची उपासना करणार नाही, कुणाच्या हातून कोणता विधी करून घेणार नाही; प्रतिज्ञा क्रमानं आल्या. "आमच्या बापानं हे सोडाले काय काय भोगलं, पोरी. गावानं विहीर बंद केली. ते देव टाकून आलो ते काय दुसऱ्याच्या देवापुढं उभं राहाले?"

हे ज्योत्स्नाला लागलं. लागायलाच हवं होतं. तिचे आजोबाही त्याच गर्दीत होते.

"काका, तुमचं म्हणणं हलकं नाही," ती म्हणाली. "मी ते टाळतही नाही."

तेवढ्यात दारातून केशरबाई बोलल्या. "भाऊजी, एक इचारू?"

"इचारा ना, वहिनी."

"मी अंगठेबहाद्दर. चाळीस वर्सं झाले रोज सकाळी वंदना म्हनतो. ते पाली मले समजते काय?"

"तुमची श्रद्धा आहे."

"समजते काय ते सांगा."

"नाई समजत."

"तरी माह्यं चालते. आनि हिले तिथं जे म्हनते ते समजते, मनातून म्हनते, तर हिचं चालत नाई. हे कसं?" केशरबाईंनी पदर खोचला. "मले बी राग आला होता. पन मघा हे 'हो बाबा' म्हनून मोकळी झाली असती ना, तर मले जास्त राग आला असता. घरातल्या मानसाले फसवून बसली असती."

"वहिनी, समजते म्हनूनच तर वांधा आहे," शालिकराम म्हणाला. तो मूर्ख माणूस नव्हता. "न समजता म्हनली असती तर मी बी सोडलं असतं."

केशरबाई आत येऊन सुनेच्या शेजारी खाली बसल्या, तेवढंच त्यांचं उत्तर. मघा जी सासू रागानं पातेलं खरवडत होती ती आता ज्योत्स्नाच्या बाजूला होती, आणि धर्मेंद्र, जो अमरावतीहून बायकोच्या बाजूनं निघाला होता, तो काकाच्या आणि बापाच्या मधल्या खुर्चीत अडकला होता.

शालिकरामनं आचलला जवळ बोलावलं. "इकडे ये माय. भिऊ नको. तुमच्या शाळेत काय काय म्हनतात, मले सांग."

आचल भ्याली नव्हती. आपल्याला कुणी तरी विचारतंय याचाच तिला आनंद झाला होता. "सकाळी सात चाळीसला सगळ्यांची. मग वर्गात आपल्या कोपऱ्याची. कोपऱ्यात टेबल असतं, त्यावर हिरवं कापड. सणाला पांढरं आणि उपासाच्या दिवसांत जांभळं. कापड बदलायची पाळी असते, माझी झाली. डबा उघडायच्या आधी एक म्हणतो, झाकण उघडलं असेल तर परत लावायचं. बारा वाजता घंटा होते तीनदा, तेव्हा जिथं असू तिथं थांबायचं. मी एकदा झोपाळ्यावर होते, तशीच थांबले, तरी तो हलत होता. घरी जाताना धन्यवादाची."

"पाच वेळा," शालिकराम म्हणाला. "आनि तुही माय? तुही माय डोळे मिटून हात जोडून उभी राहते?"

"नाही. आई डोळे मिटत नाही. आम्ही मिटतो, ती उघडे ठेवते."

"काहून?"

"पाहते. कोण रडतंय ते."

ज्योत्स्नाला वाटत होतं हे कुणाला ठाऊक नाही. डोळे मिटलेल्या मुलांतून आचल कधी तरी पापणीच्या फटीतून आईकडे पाहत असणार.

"म्हंजे हे प्रार्थना करतच नाई," शालिकराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच थोडी आशा डोकावली. "उभी राहून पाह्यते फक्त."

"करते, काका. तीच माझी प्रार्थना." ज्योत्स्ना पुढं सरकून बसली. "आमच्याकडे शेवटी नावं घेतात. ज्याला ज्याची काळजी आहे त्यानं त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि सगळ्यांनी ते म्हणायचं. दुसरीतली एक मुलगी रोज राणीचं नाव घ्यायची. राणी म्हणजे बकरी. पोरं हसायची, पण म्हणायची. एक दिवस तिनं नाव घेतलं नाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि ती तोंड दाबून रडत होती. माझे उघडे होते म्हणून दिसलं. बकरी विकली होती, आणि घरात कुणी तिला सांगितलं नव्हतं. शाळेत निघताना खुंटा रिकामा दिसला."

"मग वर्गात इचार ना पोट्ट्यांना. त्याले येशूची मूर्ती कायले पाह्यजे?"

"वर्गात विचारून पाहिलं आहे. वर्गात सांगत नाहीत. सात चाळीसला सांगतात." ती थांबली. "तिथं वर कोण ऐकतं, मला माहीत नाही. सिस्टरांना माहीत आहे, त्यांच्याशी मी भांडत नाही. मी कुणाकडे काही मागत नाही. पण चारशे मुलं मिनिटभर गप्प उभी राहून बकरीचं नाव घेतात, ते मला मोडायचं नाही. आणि दुसऱ्या कुणाच्या हातात, नुसतं वाचून दाखवणाऱ्याच्या हातात, द्यायचं नाही. म्हणून मला ती जागा हवी आहे."

हवी आहे, हा शब्द तिनं त्या घरात पहिल्यांदाच वापरला असावा. लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

शालिकराम आपल्या समितीच्या आवाजात बोलला. "ठीक. तुह्या नोकरीवर मी काही बोलत नाई, ते तुही तू जान. पन मग पुढच्या सालचं वाचन तुह्याकडं येनार नाई. वंदना बी नाई. लोकांनी उद्या काय म्हनावं? एकच तोंड इथं बी आनि तिथं बी?"

हा घाव बरोबर बसला. ज्योत्स्नानं ते वाचन कधी मागितलं नव्हतं, पण देवमननी तिचं नाव घेतलं त्या दिवसापासून ती अमरावतीच्या घरात, भाजी निवडताना, ग्रंथातली पानं मनात मोठ्यानं वाचून पाहत होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा. तेवीस वर्षं त्या ओसरीवर एकच आवाज होता, आणि त्यानंतरचा आपला असणार होता.

"बरं," ती म्हणाली. "मग मी मागं सतरंजीवर बसेन आणि ऐकेन. ऐकू द्याल ना?"

शालिकराम काही बोलायच्या आत देवमननी चष्मा डोळ्यांवर चढवला. मघापासून ते तो पुसतच होते, आणि त्याचं कारण ज्योत्स्नाला ठाऊक होतं: म्हाताऱ्यानं दिलेला दोर सुनेनं सगळ्यांदेखत सोडून दिला होता.

"शालिक," ते म्हणाले, "विहारात कोनी वाचाचं ते तू ठरव. तू अध्यक्ष आहे. माह्या ओसरीवर कोनी वाचाचं ते मी ठरवीन."

"दादा, तुमीच असं म्हनता?"

"मले बी तिचं पटलं नाई अजून. मी कोनत्याच गाडीत बसत नाई, मले गाडीत बसलेलं मानूस समजत नाई. पन मले पुस्तक अशा मानसाच्या हातात द्याचं आहे, जे वाचताना खोटं वाचनार नाई. इतक्या वर्सांत मले घरात एकच सापडलं." त्यांनी धर्मेंद्रकडे पाहिलं. "हा वाचत होता एक दिवस, मी आजारी होतो तं. पानं उलटून मोकळा झाला."

धर्मेंद्र ओशाळून हसला आणि मग, बहुधा हसल्यामुळेच, त्याला जोर आला. "काका, मी सांगायचं राहून गेलं. मला वाटतं तिनं ती जागा घ्यावी. मी मघाच म्हणायला पाहिजे होतं."

"मघा काहून नाई म्हटलं?"

"तुम्ही उभे होते."

केशरबाई फिसकन हसल्या. शालिकराम पुन्हा दिवाणावर बसला.

ज्योत्स्नानं पर्समधून फोन काढला. उद्यापर्यंतचा वेळ होता, पण आता थांबण्यात काही अर्थ नव्हता, आणि तिला हे उत्तर याच खोलीत, याच माणसांसमोर द्यायचं होतं. सिस्टरांचा आवाज फोनवर बारीक येतो हे माहीत असलेल्या आचलनं नेहमीप्रमाणे हात पुढं करून स्पीकर लावून दिला.

"सिस्टर, मी ज्योत्स्ना. अकोल्याहून. मी जागा घेते आहे."

"सासरी विचारलंस का?" सिस्टरांचा जपून पावलं टाकणारा आवाज खोलीभर पसरला.

"सांगितलं, सिस्टर."

"आणि मी एक गोष्ट म्हटली होती."

"मनापासून घेईन."

"ते मला माहीत होतं. तुझ्या घरी माहीत आहे का, ते विचारत होते." पलीकडे एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "कुणी नाराज आहे?"

ज्योत्स्नानं शालिकरामकडे पाहिलं. फोन बंद करण्याची खूण त्यानं केली नाही. "काका आहेत. माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. खूप नाराज आहेत, आणि त्यांच्याकडे कारण आहे."

"मग उद्याचं पहिलं नाव मिळालं," सिस्टर म्हणाल्या. "सात पस्तीसला ये. माईक आधी तपासून घे, तो सकाळी गार असला की कुरकुरतो."

फोन बंद झाला.

"कोन्तं पहिलं नाव?" शालिकरामनं विचारलं. "काय म्हनून राहिली ते बाई?"

आचलकडे उत्तर तयार होतं. "नावं घेतात ना, आजोबा, तर जो प्रार्थना घेतो त्यानं पहिलं नाव त्याचं घ्यायचं असतं ज्याच्याशी आपलं भांडण आहे. मग बाकीच्यांची. मी एकदा घेतली होती तेव्हा सिद्धीचं घेतलं. तिनं माझी पट्टी मोडली होती."

"मग? पट्टी मिळाली?"

"नाही. पण सगळ्यांनी तिचं नाव घेतलं तर ती एकदम सरळ उभी राहिली."

शालिकरामनं हे ऐकून घेतलं. सदऱ्याची बाही त्यानं खाली ओढली, पुन्हा वर केली.

"म्हंजे उद्या सकाळी," तो सावकाश म्हणाला, "त्या येशूच्या शाळेत, भोंग्यावर, माहं नाव."

"हो, काका."

"मले इचारल्याबिगर?"

"आता विचारते. घेऊ?"

केशरबाईंनी उठून झाकून ठेवलेली वाटी आणली आणि काही न बोलता दिवाणाच्या कडेला ठेवली. शालिकरामनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तो देवमनकडे पाहत होता. पण देवमन, ज्यांनी आयुष्यभर लोकांना कुठल्या फलाटावर जायचं ते सांगितलं, त्यांनी आज काहीही सांगितलं नाही.

"मी हो म्हटलेलं नाई," शालिकराम शेवटी म्हणाला. "हे ध्यानात ठेव. समितीत बी मी हेच सांगनार."

"ठेवते."

"मले ते मान्य नाई. उद्या बी राहनार नाई."

"बरं, काका."

"पन तू घेनारच आहे."

"घेणार आहे."

"तं मग काका-बिका म्हनून नको घेऊ. काका सतराशे साठ असतात." तो दिवाणावर नीट सरसावून बसला, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. "शालिकराम किसन तेलगोटे. अकोला. बापाचं नाव गाळाचं नाई. बाप नागपूरले गेलता, मी नाई."

"शालिकराम किसन तेलगोटे," ज्योत्स्ना म्हणाली.

"आनि पोट्टे? त्याईले जमलं पाह्यजे. नाई तं अर्धं खातीन." त्यानं आचलकडे बोट केलं. "तू म्हन."

आचलनं एका दमात म्हटलं.

"गडबड करू नको. किसनवर थोडं थांब." वाटी त्याच्या हातात कधी आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. "चारशे बारा जन म्हननार आहेत. पुन्हा म्हन."